बॅलीहेलचा हेन्री

२७ सप्टेंबर २०१४ रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर किलकेनीने टिपरेरीला तीन गुणांनी हरवलं आणि हेन्री शेफलिन दहा ऑल-आयर्लंड, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदाची, पदकं मिळवणारा हर्लिंगच्या इतिहासातला पहिला खेळाडू ठरला. त्या दिवशी तो शेवटच्या काही मिनिटांपुरताच, बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला होता. शेफलिनबद्दल बोलताना लोक यातली पहिली गोष्ट सांगतात आणि दुसरी सोडून देतात. हे पुस्तक दुसरीला धरून चालतं, आणि त्याची प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो तो त्यासाठीच. विक्रमांची यादी कुठेही मिळते. पण ज्याच्याभोवती दहा-बारा वर्षं संघ उभा राहिला, तो माणूस पस्तिसाव्या वर्षी राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून आपल्या पाळीची वाट का पाहतो, हे समजून घ्यायचं तर त्याचा खेळ, त्याचा परगणा आणि त्याचं गाव या तिन्ही गोष्टी कळाव्या लागतात.

हर्लिंग मराठी वाचकाच्या परिचयाचं नाही, म्हणून आधी खेळाबद्दल. मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद, म्हणजे फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. प्रत्येकाच्या हातात ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची, टोकाशी पसरट होत गेलेली काठी असते. तिला हर्ली म्हणतात. बुचाच्या गाभ्यावर चामडं शिवलेला, शंभर ग्रॅमहून थोडा जास्त वजनाचा चेंडू म्हणजे स्लिटर. हा चेंडू जमिनीवरून मारता येतो, हवेतल्या हवेत मारता येतो, हाताने झेलता येतो. तो हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त जाता येत नाही, पण हर्लीच्या पात्यावर तोलत हवं तितकं धावता येतं. गोलचे खांब वरपर्यंत उंच गेलेले असतात आणि मध्ये आडवी दांडी. चेंडू दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून खांबांच्या मधून गेला तर एक गुण. धावफलकावर गोल आणि गुण वेगवेगळे लिहिले जातात. २-१७ म्हणजे दोन गोल आणि सतरा गुण, एकूण तेवीस. शेफलिनच्या शेवटच्या अंतिम सामन्यात किलकेनीचे २-१७ झाले आणि टिपरेरीचे २-१४. एवढा हिशेब मनात ठेवला की या पुस्तकातला कोणताही सामना वाचताना अडायला होत नाही.

खेळाचा वेग मात्र आकड्यांतून कळत नाही. चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास सुटतो, आणि तो झेलायला हवेत उठलेल्या हाताभोवती दोन-तीन हर्ली फिरत असतात. जो मारायला जातो त्याच्या काठीला मागून काठी अडकवून त्याचा फटका चुकवणं याला हूक म्हणतात; समोरून काठी आडवी घालून चेंडू रोखणं म्हणजे ब्लॉक. चेंडू अडवण्याच्या या दोन क्रिया तिथल्या जाणकारांना गोलइतक्याच प्रिय आहेत. शिरस्त्राण सर्व वयोगटांना सक्तीचं झालं ते २०१० मध्ये. त्याआधीच्या पिढ्यांतले अनेक खेळाडू उघड्या डोक्याने खेळले.

खेळ फार जुना आहे. आयरिश पुराणकथांतला वीर कू हुलन लहान असताना हर्लीने चेंडू मारून एका भयंकर कुत्र्याला ठार करतो, ही कथा तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. कागदोपत्री पुरावाही जुना आहे. १३६६ च्या किलकेनी कायद्यांमध्ये आयर्लंडमधल्या इंग्रज वसाहतवाल्यांनी हा खेळ खेळू नये अशी बंदी घातलेली आढळते, आणि १५२७ मध्ये गॉलवे शहरानेही तीच बंदी घातली. ज्या किलकेनीच्या नावाने ती बंदी निघाली, तोच परगणा पुढे या खेळाची राजधानी झाला. अठराव्या शतकात जमीनदारांनी आपापल्या कुळांचे संघ उभे केले, पैजा लावल्या, हजारोंच्या गर्दीत सामने भरवले. शतकाच्या अखेरीस, १७९८ च्या उठावानंतर, तो आश्रय आटला. १८४५ पासूनच्या भीषण दुष्काळाने आणि त्यामागोमाग झालेल्या स्थलांतराने खेडी ओस पडली. खेळ जवळजवळ संपला होता.

तो पुन्हा उभा राहिला तो एका संघटनेमुळे. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरीतल्या थर्ल्स गावी, हेज हॉटेलात, मायकेल क्युसॅक, मॉरिस डेव्हिन आणि त्यांच्या मोजक्या सोबत्यांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. ब्रिटिश सत्तेखालच्या देशात स्वतःचे खेळ स्वतःच्या नियमांनी खेळायचे, हा त्यामागचा उघड राजकीय विचार होता. १८८७ च्या पहिल्या अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना १ एप्रिल १८८८ रोजी बर्‌ गावात झाला आणि टिपरेरीच्या थर्ल्स संघाने तो जिंकला. सुरुवातीला एका बाजूला एकवीस खेळाडू असत. ते आधी सतरा आणि १९१३ पासून पंधरा झाले. गोलची किंमतही बदलत गेली. आरंभीच्या काळात एका गोलपुढे कितीही गुण फिके ठरत; १८९६ पासून गोल म्हणजे तीन गुण हे ठरलं आणि आजवर टिकलं.

या संघटनेने केलेली खरी क्रांती रचनेत आहे. तिने खेळ गावाला बांधला. तिथे चर्चच्या हद्दीवरून आखलेला पॅरिश हाच क्लबचा पाया असतो. माणूस ज्या पॅरिशचा, त्याच क्लबकडून खेळतो. तिथून निवड झाली की आपल्या परगण्याच्या म्हणजे काउंटीच्या संघातून. खेळाडूंची खरेदी-विक्री नाही, लिलाव नाही, पगार नाही. ऑल-आयर्लंड अंतिम सामन्याला क्रोक पार्कमध्ये ब्याऐंशी हजार प्रेक्षक असतात आणि मैदानावरचे तिसाच्या तीस खेळाडू सोमवारी कामावर जाणारे असतात. शिक्षक, शेतकरी, पोलीस, सुतार. शेफलिन बँकेत नोकरी करत होता. आपल्याकडे गावच्या तालमीत घुमलेला पैलवान जसा गावाच्या नावाने आखाड्यात उतरतो, तसंच हे नातं. फरक एवढाच की इथे आखाडा राष्ट्रीय आहे आणि त्याला इनाम नाही. ही व्यवस्था निर्मळ आहे असं मी म्हणणार नाही. प्रेक्षकांचा पैसा संघटनेकडे जातो आणि शरीर खेळाडूचं झिजतं, यावरून वाद झाले आहेत. १९९९ मध्ये खेळाडूंची स्वतंत्र संघटना उभी राहिली, आणि २००२ च्या अखेरीस कॉर्कच्या खेळाडूंनी सोयी-सवलतींसाठी चक्क संप केला. शेफलिनची सगळी कारकीर्द या तणावाच्या काळात गेली, हे विसरून चालणार नाही.

आयर्लंडमध्ये बत्तीस परगणे असले तरी हर्लिंग सगळीकडे सारखं रुजलेलं नाही. दक्षिण आणि मध्य भागात त्याचा पट्टा आहे: कॉर्क, टिपरेरी, किलकेनी, लिमरिक, क्लेअर, वॉटरफर्ड, वेक्सफर्ड, गॉलवे, ऑफली. बाकी ठिकाणी गेलिक फुटबॉलचं राज्य. या पट्ट्यातही कॉर्क, टिपरेरी आणि किलकेनी या तिघांनी मिळून निम्म्याहून खूप जास्त अजिंक्यपदं जिंकली आहेत, आणि त्यात किलकेनी ३६ विजेतेपदांसह सर्वांत पुढे आहे. किलकेनीत फुटबॉल जवळपास नाहीच. बालवाडीपासून हातात हर्ली. तिथल्या सेंट कियरन्स कॉलेजसारख्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू निघाले, आणि शेफलिन त्याच शाळेचा.

प्रत्येक परगण्याची खेळण्याची एक धाटणी असते असं तिथे मानलं जातं. कॉर्क म्हणजे मनगटाची चपळाई आणि गोलसमोर निर्दयपणा. टिपरेरी म्हणजे खांद्याला खांदा भिडवणारा रांगडा खेळ. किलकेनी म्हणजे काठीचं कसब, नेमकेपणा. हे साचे थोडे ढोबळ आहेत, पण खेळाडू स्वतः ते मानतात आणि त्यानुसार घडतात. विसाव्या शतकाने दिलेली मोठी नावंही याच साच्यांतून लोकांच्या मनात राहिली. लिमरिकचा मिक मॅकी चेंडू पात्यावर तोलत थेट बचावाच्या भिंतीवर धावून जाई. कॉर्कच्या क्रिस्टी रिंगने १९४१ ते १९५४ या काळात आठ पदकं मिळवली. टिपरेरीच्या जॉन डॉईलने १९६५ मध्ये त्याची बरोबरी केली. वेक्सफर्डचा निकी रॅकर्ड गोलांचा बादशहा होता. किलकेनीने लोरी माहर दिला, मग एडी केहर, आणि शेफलिनच्या अगदी आधी डी. जे. केरी, ज्याच्या पहिल्या दहा पावलांच्या वेगापुढे बचावपटू उभेच राहत.

या रांगेत शेफलिन चपखल बसत नाही. सहा फुटांहून उंच, तांबड्या केसांचा, भक्कम बांध्याचा. पण सर्वांत वेगवान तो कधीच नव्हता. केरीसारखा झपाटा नाही, रिंगसारखी मनगटाची जादू नाही. म्हणूनच त्याचा अभ्यास अधिक उपयोगाचा आहे असं मला ठामपणे वाटतं. दैवी देणगी समोर आली की आपण हात जोडतो आणि विचार थांबवतो. शेफलिनच्या बाबतीत तसं करता येत नाही, कारण त्याच्या खेळातला प्रत्येक गुण कमावलेला दिसतो. चेंडू कुठे पडणार हे इतरांच्या क्षणभर आधी ओळखणं, तिथे आधी पोहोचणं, शरीर मध्ये घालून झेल घेणं, आपल्यापेक्षा बऱ्या जागी उभ्या असलेल्या सोबत्याला चेंडू देणं. आणि फ्री. नियमभंग झाल्यावर मिळणारा हा मोकळा फटका चाळीस-पन्नास मीटरवरून, वाऱ्यात, ब्याऐंशी हजार लोकांसमोर खांबांमधून घालायचा. शेफलिनने तो अशा सातत्याने घातला की त्याच्या संघाविरुद्ध आपल्या हद्दीत नियमभंग करणं म्हणजे गुण बहाल करणं, हे प्रतिस्पर्ध्यांनी गृहीतच धरलं.

११ जानेवारी १९७९ रोजी जन्मलेला शेफलिन किलकेनीच्या वरिष्ठ संघात १९९९ साली आला. ब्रायन कोडी हा प्राथमिक शाळेचा शिक्षक आणि जुना बचावपटू नुकताच किलकेनीचा प्रशिक्षक झाला होता. दोघांची सुरुवात एकाच उन्हाळ्यात झाली आणि ती पराभवाने झाली: १९९९ च्या अंतिम सामन्यात कॉर्कने एका गुणाने हरवलं, ०-१३ विरुद्ध ०-१२. पुढच्या वर्षी किलकेनीने ऑफलीचा ५-१५ विरुद्ध १-१४ असा धुव्वा उडवला. त्या आघाडीच्या फळीत केरी आणि चार्ली कार्टर यांच्या जोडीला एकवीस वर्षांचा शेफलिन होता. २००२ आणि २००३ मध्ये पुन्हा विजेतेपद. २००२ मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम हर्लर ठरला. तोच मान त्याला २००६ आणि २०१२ मध्येही मिळाला. हा मान तीनदा मिळवणारा तो पहिलाच.

पण या कारकिर्दीचा गाभा कळण्यासाठी २००४ ते २००६ ही तीन वर्षं बघावी लागतात, आणि या पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला भाग त्यांचाच आहे. कॉर्कने तेव्हा खेळाचं व्याकरण बदललं होतं. शतकभर हर्लिंग म्हणजे चेंडू लांब मारायचा आणि पुढे दोघांनी त्यासाठी झुंजायचं, असा शिरस्ता होता. कॉर्कचा गोलरक्षक डोनल ओग क्युसॅक चेंडू जवळच्या मोकळ्या सोबत्याकडे देऊ लागला, आणि तिथून हातपासांनी, धावत, चेंडू न गमावता संघ पुढे सरकू लागला. २००४ च्या अंतिम सामन्यात या पद्धतीने किलकेनीला ०-९ वर रोखलं. २००५ मध्ये किलकेनी उपांत्य फेरीत गॉलवेकडून हरली आणि कॉर्कने सलग दुसरं विजेतेपद घेतलं. कोडीच्या जमान्याचा शेवट झाला असं अनेक जाणकारांनी लिहिलं.

२००६ च्या अंतिम सामन्यात किलकेनीने दिलेलं उत्तर साधं आणि अंगमेहनतीचं होतं. क्युसॅकच्या जवळच्या पासांची वाट आघाडीच्या खेळाडूंनीच बंद केली. शेफलिन आणि त्याच्या सोबत्यांनी गोल करण्याइतकंच बचावपटूंचा पाठलाग करण्याचं काम अंगावर घेतलं. हूक, ब्लॉक, खांद्याचा धक्का, पुन्हा धाव. हे सगळं किलकेनीच्या नोलन पार्क मैदानावरच्या सरावात घडत होतं, आणि कोडीच्या त्या सरावसामन्यांत शिट्टी क्वचितच वाजे अशी त्यांची ख्याती आहे. किलकेनी १-१६ विरुद्ध १-१३ अशी जिंकली आणि कॉर्कचं सलग तिसरं विजेतेपद हुकलं. आघाडीच्या खेळाडूची व्याख्याच त्या दिवशी बदलली असं मला वाटतं. आज लिमरिकच्या किंवा कुठल्याही मोठ्या संघाच्या आघाडीपटूने चेंडू हिसकावण्यासाठी मध्यरेषेच्या मागे यावं ही अपेक्षा असते. तिचं मूळ या सामन्यात आहे.

त्यानंतर २००७, २००८, २००९: सलग चार विजेतेपदं पूर्ण झाली. कॉर्कने १९४१ ते १९४४ मध्ये केलेला पराक्रम किलकेनीने पहिल्यांदाच गाठला. २००८ च्या अंतिम सामन्यात वॉटरफर्डविरुद्ध ३-३० विरुद्ध १-१३ हा निकाल पाहिला की त्या संघाचं शिखर डोळ्यांसमोर येतं. या उंचीवरची एक जखम मात्र बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. २००७ च्या अंतिम सामन्यात कर्णधार शेफलिनच्या गुडघ्याचा क्रूशिएट लिगामेंट फाटला आणि मध्यंतरानंतर तो परतलाच नाही. करंडक उचलायला तो पायऱ्या चढला तेव्हा त्याच्यापुढे अनेक महिन्यांची सक्तीची विश्रांती उभी होती. पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा पहिल्या पंधरात होता.

२०१० मध्ये किलकेनी सलग पाचव्या, आजवर कुणीही न मिळवलेल्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होती. त्याच मोसमात एडी केहरचा चॅम्पियनशिपमधल्या सर्वाधिक गुणांचा विक्रम शेफलिनने मोडला होता. ऑगस्टमध्ये कॉर्कविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्यांदा क्रूशिएट लिगामेंट फाटला, या वेळी दुसऱ्या गुडघ्याचा. अंतिम सामना जेमतेम महिन्यावर. शेफलिनने शस्त्रक्रिया पुढे ढकलली, गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट करून खेळून पाहायचं ठरवलं. किलकेनीत हजारो लोक त्याला फक्त सराव करताना बघायला नोलन पार्कवर आले. अंतिम सामन्यात पहिल्या पंधरा मिनिटांतच गुडघ्याने दगा दिला, तो बाहेर गेला आणि टिपरेरीने ४-१७ विरुद्ध १-१८ असा विजय मिळवला. हा निर्णय चुकीचा होता असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. माझं मत त्यांच्यासारखं नाही. ज्या खेळात पगार नाही, करार नाही, विम्याचा हिशेब नाही, तिथे खेळाडू आपल्या शरीराचा मालक स्वतः असतो. ते कुठे खर्च करायचं हे त्याने ठरवलं आणि त्याची किंमतही स्वतःच मोजली. १९९९ पासून २०१२ पर्यंत किलकेनीच्या चॅम्पियनशिपच्या प्रत्येक सामन्यात तो सुरुवातीपासून खेळला, ही नोंद या दोन दुखापती लक्षात ठेवून वाचली तरच तिचं वजन कळतं.

२०११ मध्ये टिपरेरीकडून करंडक परत घेतला, आणि मग आलं २०१२. खांद्याची शस्त्रक्रिया झालेला, तेहतीस वर्षांचा शेफलिन. ऑल-आयर्लंडच्या आधी होणाऱ्या लेन्स्टर प्रांताच्या अंतिम फेरीत गॉलवेने किलकेनीला धुऊन काढलं. सप्टेंबरमध्ये ऑल-आयर्लंडच्या अंतिम सामन्यात पुन्हा तोच गॉलवे समोर आला. सामना अखेरच्या मिनिटांत बरोबरीत असताना किलकेनीला पेनल्टी मिळाली. तीनच वर्षांपूर्वी, २००९ च्या अंतिम सामन्यात, अशाच शेवटच्या टप्प्यात मिळालेली वादग्रस्त पेनल्टी त्याने जाळ्यात ठोकली होती आणि टिपरेरीचा कणा मोडला होता. या वेळी त्याने चेंडू दांडीवरून घालून एक गुण घेतला. एका गुणाची आघाडी मिळाली, आणि शेवटच्या क्षणी गॉलवेच्या जो कॅनिंगने फ्रीवर बरोबरी साधली. गोल का मारला नाही, हा प्रश्न किलकेनीत अजून विचारला जातो. मला दोन्ही निर्णय एकाच मनाचे वाटतात. २००९ मध्ये संघ मागे होता, २०१२ मध्ये बरोबरीत. दोन्ही वेळी त्याने टाळ्यांचा विचार न करता धावफलकाचा विचार केला. त्या दिवशी किलकेनीच्या ०-१९ पैकी बारा गुण त्याचे होते. फेरसामना किलकेनीने ३-२२ विरुद्ध ३-११ असा जिंकला आणि नऊ अंतिम विजय मैदानावर खेळून मिळवणारा तो पहिला खेळाडू झाला.

उरलेली दोन वर्षं उताराची. पायाच्या दुखापतीने २०१३ चा मोसम खाल्ला, आणि थर्ल्समध्ये कॉर्कविरुद्ध त्याला चॅम्पियनशिपमध्ये पहिल्यांदाच मैदानाबाहेर काढलं गेलं. २०१४ बाकावर गेलं. मार्च २०१५ मध्ये, आपल्या क्लबसाठी आणखी एक राष्ट्रीय विजेतेपद जिंकल्यावर आठवडाभराने, त्याने किलकेनीच्या संघातून निवृत्ती जाहीर केली.

आकडे सांगायलाच हवेत: चॅम्पियनशिपचे ७१ सामने, २७-४८४, म्हणजे एकूण ५६५ गुण, सामन्यामागे जवळपास आठ. सोळा मोसमांत लेन्स्टरची तेरा विजेतेपदं, अकरा ऑल-स्टार पुरस्कार. यावरून तो रिंगपेक्षा श्रेष्ठ का, हा वाद आयर्लंडमध्ये कायमचा आहे. आक्षेप घेणारे म्हणतात की त्या दशकात लेन्स्टर प्रांत दुबळा होता, तर रिंगला दर उन्हाळ्यात मन्स्टरमध्ये टिपरेरीशी झुंजावं लागे. हे खरं आहे. रिंगचे सामने साठ मिनिटांचे होते, आजचे सत्तरचे, तेही खरं. १९९७ पासून प्रांतात हरलेल्या संघाला दुसरी संधी मिळू लागली, जी रिंगला कधीच नव्हती. पण ही कसोटी शेफलिनच्या दहा पदकांना लावून पाहिली तर काय दिसतं? दहांपैकी नऊ वर्षं किलकेनी संपूर्ण चॅम्पियनशिपमध्ये अपराजित होती. दुसऱ्या संधीचा आधार फक्त २०१२ मध्ये घ्यावा लागला. जुन्या कठोर नियमांनीही त्याच्या खात्यात नऊ पदकं राहिली असती, रिंग आणि डॉईल यांच्यापेक्षा एक जास्त. असामान्य कौशल्याच्या बाबतीत मी रिंगलाच वर ठेवीन. संघाला जिंकून देण्याच्या कलेत शेफलिनच्या पुढे कुणी नाही.

आणि या सगळ्याच्या तळाशी शेफलिनचं गाव बॅलीहेल आहे. किलकेनी परगण्याच्या दक्षिण भागातल्या या छोट्या गावाचा आणि शेजारच्या नॉकटॉफर व नॉकमॉयलनचा मिळून बॅलीहेल शॅमरॉक्स हा क्लब १९७२ मध्ये उभा राहिला. १९८१ मध्ये फेनेली घराण्यातले सात भाऊ खेळवून तो पहिल्यांदा देशाचा विजेता झाला. आज त्याच्या नावावर क्लबांची नऊ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, कुठल्याही हर्लिंग क्लबपेक्षा जास्त. त्यातली २००७, २०१० आणि २०१५ ची शेफलिनने खेळाडू म्हणून मिळवली, तर २०१९ आणि २०२० ची प्रशिक्षक म्हणून. जिथे खेळाडू क्लब बदलत नाही तिथे घराणी, शाळा, वर्गमित्र आणि शेजारी यांच्यातूनच संघ तयार होतो. शेफलिनचा गुणांचा विक्रम २०२१ मध्ये गॉलवेच्या जो कॅनिंगने मागे टाकला, नंतर कॉर्कचा पॅट्रिक हॉर्गन आणि किलकेनीचा टी. जे. रीड आणखी पुढे गेले. हा रीडही बॅलीहेलचाच. दहा पदकांचा विक्रम मात्र अजून शेफलिनकडे आहे.

हे पुस्तक आत्ता येण्याला अर्थ आहे, कारण शेफलिन ज्या हर्लिंगमध्ये घडला ते वेगाने मागे पडतं आहे. गुणांची संख्या इतकी वाढली आहे की त्याच्या काळात विजयाला पुरणारा धावफलक आज पराभवाचा वाटतो. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारांशी जोडलेला अंतिम सामना २०२२ पासून जुलैमध्ये होतो. २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये आढळलेल्या बुरशीच्या रोगाने ॲशची झाडं मरत चालली आहेत, आणि हर्ली बनवणारे कारागीर परदेशी लाकूड, बांबू व कृत्रिम साहित्याकडे वळले आहेत. किलकेनीला २०१५ नंतर विजेतेपद मिळालेलं नाही. दरम्यान लिमरिकने २०२० ते २०२३ अशी सलग चार जिंकली. २०१८ मध्ये युनेस्कोने हर्लिंगला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तो मान योग्यच आहे, पण वारसा म्हणून जपल्या गेलेल्या गोष्टीला जिवंत माणसांची चरित्रं लागतात, नाहीतर ती काचेमागे जाते.

लेखकाने चरित्रनायकाची आरती ओवाळलेली नाही. जिथे किलकेनीचा खेळ अंगावर येणारा आणि नियमांच्या काठावरचा होता, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे. खासगी आयुष्यात डोकावणं टाळलं आहे, आणि ते योग्य आहे. हे एका खेळाडूच्या मैदानावरच्या सोळा वर्षांचं पुस्तक आहे, आणि त्याची शिस्त त्यातच आहे. सामन्यांची वर्णनं करताना कुणी काय भावना अनुभवल्या याचे अंदाज बांधण्यापेक्षा चेंडू कुठून कुठे गेला, कोण कुठे उभा होता, दोन मिनिटांपूर्वी काय घडलं होतं याकडे लक्ष दिलं आहे. मराठीत खेळावर असं तपशीलवार लिहिण्याची सवय फार कमी आहे. आपण खेळाडूंबद्दल पुष्कळ लिहितो, खेळाबद्दल कमी. क्रिकेट, कुस्ती किंवा कबड्डीवर लिहू पाहणाऱ्या तरुणांनी हे पुस्तक त्या दृष्टीनेही वाचावं.

वाचकाला एक विनंती आहे. पहिलं पान उलटण्याआधी २००६ आणि २०१२ चे अंतिम सामने मिळाले तर जरूर बघा. त्यांची चित्रफीत सहज सापडते. चेंडूमागे डोळे धावतील, पण मध्ये मध्ये चेंडू सोडून शेफलिनकडे, तो चेंडूपासून दूर असताना काय करतो आहे तिकडे बघा. मग पुस्तक हातात घ्या.